खोगिरावरची पोर

डेरिक सरांनी पांढऱ्या फळ्यावर निळ्या मार्करनं एकच शब्द लिहिला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "चला, एकेकानं उभं राहायचं आणि मोठ्यानं बोलायचं. लाजायचं नाय."

शब्द होता 'बास्टर्ड'.

वर्गात खसखस पिकली. मागच्या रांगेतल्या एका पोरानं तो इतक्या उत्साहानं म्हटला की सरांनी कान चोळले. "बाबा, तू तर घरून प्रॅक्टिस करून आलायस." पुन्हा हशा. पोरी तोंडावर हात धरून म्हणत होत्या, पोरं छाती काढून. पाळी सरकत सरकत माझ्यापाशी आली. मी उभी राहिले, पण शब्द काही म्हटला नाही.

"बोल ना. शब्दच आहे. चावत नाय."

"मला कळलाय शब्द. बोलायची काय गरज?"

"उद्या ऑस्ट्रेलियातल्या पर्थवरून माणूस फोनवर तुझ्या कानात ओरडेल. तेव्हा तुझा आवाज हलायला नको. म्हणून गरज." सर माझ्याकडे बघत राहिले. जरा जास्तच वेळ. "नाव काय तुझं?"

"महानंदा."

"पूर्ण?"

"महानंदा कोंडाबाई सरगर."

त्यांची भुवई किंचित वर गेली असं मला वाटलं. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बापाचा शिक्का. तिथं बाईचं नाव आलं की समोरचा माणूस थांबतोच. कुणी आवंढा गिळतो, कुणी उगाच खोकतो. ते थांबणं मी शाळेत घातल्या दिवसापासून ओळखते. मला पक्कं वाटलं, ह्या माणसाला माहीत आहे. फाइल बघून आलाय आणि आजच्या तासाला हा शब्द मुद्दाम काढलाय.

आडपडदा कशाला ठेवू? मंगळवेढ्याच्या बाजूला आमचं गाव. तिथं मला 'कडू बेणं' म्हणायचे. माझी आई, मी तिला आक्का म्हणते, दुसऱ्याच्या मळ्यात भांगलायला जायची. मळ्याच्या मालकानं तिला लग्नाचा शब्द दिला आणि मी पोटात आल्यावर तो विसरला. गाव मात्र काही विसरलं नाही. आक्कानं कडक भाकरी थापून, सोलापूरच्या दुकानांना घालून मला बारावीपर्यंत शिकवलं. इंग्रजी मी माझी मी शिकले, रद्दीतली मासिकं आणि रेडिओ घेऊन. दोन हजार चारच्या सुमाराला पुण्यात कॉल सेंटरं माणसं भराभर उचलत होती, त्यात मीही उचलली गेले. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका वीज कंपनीचे ग्राहक आम्हाला फोन करायचे. त्यांची सकाळ आमच्या आधी व्हायची, म्हणून आमची शिफ्ट उजाडतानाच लागायची.

"बस," डेरिक सर म्हणाले. "आता हा शब्द आला कुठून ते ऐका. नक्की कुणालाच माहीत नाय. पण बरेच विद्वान म्हणतात, जुन्या फ्रेंचमधून. 'बास्ट' म्हणजे खोगीर, ओझ्याच्या जनावराच्या पाठीवर टाकतात ते. खेचरवाले गावोगाव हिंडायचे, सराईत उतरायचे, तेच खोगीर खाली टाकून झोपायचे आणि सकाळी पुढच्या गावाला जायचे. मागं जे पोर राहायचं ते पलंगावरचं नाय, खोगिरावरचं. समजलं?"

"मग शिवी कधी झाली, सर?"

"आधी नुसती माहिती होती. इंग्लंड जिंकलं तो राजा विल्यम, त्याला त्याच्या काळातले लोक ह्याच नावानं ओळखायचे. कायद्याच्या कागदावर लिहायचे, 'अमका, बास्टर्ड.' हळूहळू शिवी झाली. मग ती जहाजात बसून ऑस्ट्रेलियाला गेली आणि तिथं तिचे दात पडले. तिकडं मित्राला म्हणतात, नशीबवान माणसाला म्हणतात, गाडी चालू नाय झाली तर गाडीला म्हणतात. बिलाला तर रोज म्हणतात."

"म्हणजे आता त्यात काहीच राहिलं नाही," माझ्या शेजारची मुलगी म्हणाली. गोरी, नीटनेटकी, आवाज मऊ. ऋजुता तिचं नाव.

"तसं नाय," सर म्हणाले. "दात पडले म्हणून तोंड जात नाय."

मग त्यांनी नियम सांगितला. शब्द बिलाला असेल, कंपनीला असेल, तर ऐकून घ्यायचं. तुम्हाला असेल तर पहिली वॉर्निंग. पुन्हा म्हटला तर दुसरी. तिसऱ्यांदा म्हटला की कॉल कापायचा, बिनधास्त. वॉर्निंगचं इंग्रजी वाक्य पाठ करून घेतलं: मला आपली मदत करायची आहे, पण आपण ही भाषा चालू ठेवलीत तर मला हे संभाषण थांबवावं लागेल. एक अक्षर इकडचं तिकडे चालणार नव्हतं.

"आणि तुमच्यापैकी कुणी ग्राहकाला हा शब्द म्हटला तर वॉर्निंग नाय. डायरेक्ट घरी. मग पुण्यातलं कुठलंच कॉल सेंटर दारात उभं करणार नाय." दारातून जाता जाता ते वळले. "अजून एक. फोनवर म्यूटचं बटण आहे ना, ते नाहीच असं समजून वागा."

सगळे हसले. मला त्यात धमकी दिसली. हा माणूस सगळ्यांकडे बघून बोलतोय आणि सांगतोय मला, असं वाटलं.

फोनवर माझं नाव मँडी झालं, ऋजुताचं रेचल. आम्ही शेजारी बसायचो. माझे उच्चार तिनं नीट केले, हे मी आजही नाकारणार नाही. "अगं, 'डेऽट' म्हणजे तारीख, थकबाकीला 'डेऽट' असं काय ओढतेस? आखूड, 'डेट्'!" असं करत करत मला हसवायची. माझी कडक भाकरी तिला आवडायची, तिच्या घरचा आमटी-भात मला. जेवायला दोघी गच्चीवर.

म्यूटच्या बटणावर तर आमचा सगळा संसार चालायचा. ग्राहक आपलं गाऱ्हाणं गात असला की म्यूट दाबायचं आणि शेजारणीशी बोलायचं. "ह्या म्हातारीला कुणीतरी सून आणून द्या गं." "ह्याच्या मांजराचा वाढदिवस आहे, केक कापायला चल." ग्राहकाला काही ऐकू जायचं नाही आणि आम्हाला वाटायचं, कुणालाच जात नाही.

आमच्या टीमचा लीडर होता गुप्ते. तो बसलेला कधी दिसायचा नाही. सतत कुणाच्या तरी, बहुतेक पोरींच्या, खुर्चीमागे उभा, खुर्चीच्या पाठीवर हात टाकून. हसायचा नाकातून, सायकलच्या पंपानं हवा भरावी तसा: फुस्, फुस्, फुस्.

एकदा एका मेंढपाळाचं अडकलेलं कनेक्शन मी तासभर खपून चालू करून दिलं. तो खूश होऊन म्हणाला, "यू क्लेव्हर लिटल बास्टर्ड!" शब्द सरळ माझ्यावर होता. नियमानं वॉर्निंग द्यायला हवी होती, पण त्याच्या आवाजात माया होती. घरातला कुणी म्हातारा पाठीवर थाप मारतो तशी. मी वॉर्निंग दिली नाही. फोन ठेवला आणि मला रडू फुटलं.

"काय झालं गं?" गच्चीवर ऋजुतानं विचारलं.

"काही नाही. माझ्या घरचं आठवलं."

"वडील का? तू कधी बोलत नाहीस त्यांच्याबद्दल. वारले?"

"नाहीत. जिवंत आहेत. माझे नाहीत."

तिला कळायला वेळ लागला. मग मी सगळं सांगितलं. मेंढपाळाचा फोन, मळा, आक्का, कडू बेणं, सगळं. कुणालाही न सांगितलेलं मी त्या एका मुलीला सांगितलं, कारण तिनं माझी भाकरी खाल्ली होती. तिचे डोळे भरून आले. "तू किती ब्रेव्ह आहेस गं! मी कुणाला सांगणार नाही, आईशप्पथ."

पुढच्याच महिन्यात गुप्तेनं मला खोलीत बोलावलं. आत एचआरच्या शलाका मॅडम होत्या आणि कॉम्प्युटरपाशी डेरिक सर. रेकॉर्ड झालेले कॉल काढून द्यायचं काम त्यांच्याकडेच असायचं.

"ऐक," गुप्ते म्हणाला.

माझाच कॉल होता. मिसेस पॉवेल, एकटी राहणारी बाई, बोलायला गोड. मी त्यांचं बिल उघडत होते आणि कॉम्प्युटर अडकला होता. म्हणून मी गप्प. मागं नेहमीची कुजबुज. आणि त्या शांततेत एका बाईचा आवाज, लांबून पण स्वच्छ: "बास्टर्ड."

मिसेस पॉवेल म्हणाल्या, "काय म्हणालीस तू मला?" मी आपली कॉम्प्युटरला चिकटलेली. "एक मिनिट, मॅडम." त्यांनी फोन कट केला.

"त्यांनी लेखी तक्रार केलीये," शलाका मॅडम म्हणाल्या. "क्लायंट चिडलाय."

"हा माझा आवाज नाही."

"तुझ्या हेडसेटमधून आलाय," गुप्ते म्हणाला.

"माझ्या आसपास पाच पोरी बसतात."

"त्यांचे ग्राहक नाही रागावले. तुझे रागावले. हे बघ, मी समजू शकतो. तू ज्या वातावरणातून आलीस, तोंडातून जातं एखाद्या वेळी."

"कुठल्या वातावरणातून, सर?"

"म्हणजे... गावाकडून."

शलाका मॅडमनी कागद सरकवला. "उद्या शिफ्ट संपायच्या आत राजीनामा दे. कारण लिहिणार नाही आम्ही. नाही दिलास तर काढून टाकावं लागेल, आणि मग कारण लिहावं लागेल."

डेरिक सर हेडफोन गळ्यात अडकवून माझ्याकडे बघत होते. पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी घास घेतला नाही, नुसते आवाज ऐकले. चहाच्या कपाला, लिफ्टला, शिफ्टला, प्रत्येक पोरगी तो शब्द म्हणत होती. प्रत्येकीचा आवाज मला त्या आवाजासारखा वाटला आणि एकीचाही वाटला नाही. डोकं फिरायची वेळ आली. मग डेरिकवर संशय गेला. ह्यानंच आपल्या मशीनवर आवाज जोडला असेल तर? पण कशासाठी? मग गुप्तेवर. 'वातावरण' कुठून आणलं त्यानं?

ऋजुता गच्चीवर आली. डबा आणला नव्हता. मी सगळं सांगितलं. ती ऐकताना कठड्याचा रंग नखानं खरवडत होती.

"राजीनामा देऊन टाक," ती म्हणाली. "माझा मामा बँकेत आहे, तुला कुठंतरी चिकटवेल."

"मी म्हटलेलंच नाही तर देऊ कशाला?"

"ते सिद्ध कसं करणार तू?" मग थोडं थांबून, तिकडेच बघत तिनं विचारलं, "त्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या आधीचं काही ऐकू येतं का?"

"आधीचं म्हणजे?"

"काही नाही गं. असंच."

संध्याकाळी गावात शेजारच्यांकडे फोन लावून आक्काला बोलावून घेतलं. नोकरी पक्की झाली म्हणून मी धनकवडीत एक खोली बघितली होती आणि आक्काला कायमची घेऊन येणार होते. सगळं आयुष्य ती त्याच मळ्याच्या वाटेवरच्या पत्र्याच्या खोलीत राहिली होती. येता-जाता तो माणूस दिसायचा, त्याच्या मोटरसायकलवर त्याची पोरं दिसायची.

"किल्ली दिली बग," फोनवर आक्काच्या आवाजात कधी नव्हे ती ऐट होती. "चूल मोडली. तवा तेवडा घिऊन येते. परवाच्या येष्टीनं निगते."

"आक्का, जरा..."

"काय गं?"

"काही नाही. ये."

मी पडून राहिले आणि ऋजुताचा तो एक प्रश्न डोक्यात फिरत राहिला. आधीचं काही ऐकू येतं का? जिनं ऐकलंच नाही, तिला 'आधी' काही होतं हे सुचलं कसं? मी स्वतःलाच शिव्या घातल्या. ज्या मुलीनं तुला बोलायला शिकवलं, तिच्यावर संशय घेतेस? पण संशय ही माझी बाराखडी आहे, मी त्यावरच मोठी झाले. आणि मग डेरिक सरांचं वाक्य आठवलं. म्यूटचं बटण नाहीच असं समजून वागा.

ती धमकी नव्हती. तो माणूस सावध करत होता.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपायच्या आधी मी त्या खोलीत गेले. कागद कोराच होता.

"सही?" शलाका मॅडम म्हणाल्या.

"करते. आधी एक कॉल ऐकायचाय. मिसेस पॉवेलचा कॉल चालू होता, त्याच वेळचा शेजारच्या सीटवरचा. ऋजुताचा."

"त्याचा काय संबंध?" गुप्ते ताडकन म्हणाला. "आणि ती तेव्हा म्यूटवर होती. त्यात काय सापडणार आहे?"

"ती म्यूटवर होती, हे तुम्हाला कसं माहीत, सर?"

शलाका मॅडम त्याच्याकडे बघायला लागल्या, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ह्या बाईला खरंच काही माहीत नाही.

मी डेरिक सरांकडे वळले. "म्यूट दाबलं की रेकॉर्डिंग थांबतं का?"

त्यांनी मॅडमकडे बघितलं. "सांगू?"

"डेरिक, हे ह्या खोलीबाहेर जायला नको," मॅडम हळूच म्हणाल्या.

झालं. उत्तर मिळालं. वर्षभर आम्ही म्यूट दाबून जी बोटं मोडत होतो, ती सगळी कंपनीनं जपून ठेवली होती.

"मशीनला म्यूट कळत नाय," डेरिक सर म्हणाले आणि कॉल लावला.

आधी कुणी एक ग्राहक मीटरबद्दल बोलत होता. मग अगदी जवळून, स्वच्छ, मऊ आवाज. "सर, मँडीला मागं एकानं डायरेक्ट म्हटलं तरी तिनं वॉर्निंगच दिली नव्हती, माहितीये?"

गुप्तेचा आवाज: "का? आवडतं की काय तिला?"

"तिला काय लागणार? ती आहेच ना." हसू दाबलेलं. "म्हणजे, लिटरली. बास्टर्ड."

आणि मग सायकलचा पंप. फुस्, फुस्, फुस्.

डेरिक सरांनी बटण दाबलं. मी कुणाकडे बघितलं नाही, टेबलाकडे बघितलं. पर्थहून मेंढपाळानं मायेनं म्हटलेला शब्द, पोरींनी कॅन्टीनमध्ये चहाला म्हटलेला शब्द, तो फिरून फिरून परत त्याच खोगिरावर येऊन बसला होता. मराठीत तिला तो म्हणता आला नसता. तिच्या घरात असलं बोलत नाहीत. इंग्रजीत म्हटला की हात स्वच्छ राहतात.

ऋजुताला बोलावलं गेलं. ती दारातच रडायला लागली.

"म्हणजे महानंदानं काही केलेलं नाही," शलाका मॅडम म्हणाल्या. "मी क्लायंटला तसं कळवते. पण ऋजुता, तू तिला बास्टर्ड म्हणालीस..."

मी खुर्चीत ताठ बसले आणि फोनवरच्या आवाजात, मँडीच्या आवाजात, इंग्रजीत म्हणाले, "मला आपली मदत करायची आहे, मॅडम. पण आपण ही भाषा चालू ठेवलीत तर मला हे संभाषण थांबवावं लागेल."

मॅडम चपापल्या. "अगं, मी नुसतं काय झालं ते सांगतेय."

"सगळेच नुसतं सांगतात, मॅडम."

"हे बघा, ड्रामा नको," गुप्तेला आता कंठ फुटला होता. "ऋजुतानं शिवी दिलेलीच नाही. डेरिकनंच शिकवलंय ना मूळ अर्थ काय तो? तिनं त्या अर्थानं म्हटलं. बास्टर्ड म्हणजे..."

"मला आपली मदत करायची आहे, सर." तेच वाक्य. तोच सूर. अक्षर इकडचं तिकडे नाही. "पण आपण ही भाषा चालू ठेवलीत तर मला हे संभाषण थांबवावं लागेल."

"महानंदा, सॉरी गं," ऋजुता हुंदके देत म्हणाली. "मी वाईट अर्थानं नाही म्हटलं. जोक होता. आणि तूच तर मला सांगितलंस ना, की तू... म्हणजे तू खरंच बास्टर्ड..."

मी उठले. कोरा कागद फाडला नाही, चुरगळला नाही, तिथंच ठेवला. दार उघडून बाहेर आले आणि मागं ओढून घेतलं. काचेतून गुप्ते हातवारे करताना दिसत होता. त्याचा आवाज येत नव्हता, डेरिक सरांचा आला, कारण ते मुद्दाम मोठ्यानं बोलत होते.

"दोन वॉर्निंग झाल्या, तिसऱ्याला कट केला. तिनं प्रोसेस फॉलो केलीये, सर. पैकीच्या पैकी मार्क द्यायला लागतात."

नंतर ते खाली चहाच्या टपरीवर भेटले. मी सरळ विचारलं, "पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याकडे असं का बघत होतात? फाइल वाचली होतीत?"

"कसली फाइल?" त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. "बाई, आमची फॅमिली दौंडची. रेल्वेवाली. माझ्या आज्याचा बाप इंग्रज गार्ड, तो बोटीत बसून गेला आणि त्याची बायको, बायको म्हणजे... इथलीच, ती क्वार्टरच्या मागच्या खोलीत राहिली. माझ्या आज्याला गोरे पण हेच म्हणायचे आणि काळे पण. तो शब्द सांगितला की वर्गात सगळे हसतात. वर्षाला एक तरी असतो, जो हसत नाय. त्याच्याकडे माझी नजर जाते. बस."

बिस्किट तुटून चहात पडलं. "बास्टर्ड," ते बिस्किटाला म्हणाले. मला हसू आलं. त्यांनाही.

नोकरी राहिली. गुप्तेला मुंबईच्या ऑफिसात पाठवलं. बढती देऊन, हे सांगायची गरज नाही. ऋजुता पुढे वर्षभर माझ्या शेजारीच बसत होती. रोज सकाळी 'गुड मॉर्निंग' म्हणायची. मी त्या सीटचा कॉल कापला होता. कापलेला कॉल आपण परत लावत नसतो, ग्राहकानं लावायचा असतो, आणि लावायचा म्हणजे कसा, ते तिला कधी कळलं नाही.

आक्का ठरल्या दिवशी स्वारगेटला उतरली. एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेला तवा. रिक्षाच्या रांगेत उभ्या असताना तिनं चारी बाजूंना बघून घेतलं, मग मान माझ्या कानाशी आणून विचारलं, "हितं तुला कुणी काय म्हनत न्हाई न्हवं?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं मी. जमलं नाही.

"म्हणतात."

तिनं बोचकं खाली ठेवलं. "मंग?"

"दोनदा ऐकून घ्यायचं, बजावायचं. तिसऱ्यांदा म्हटलं की फोन ठेवून द्यायचा. कंपनीचा नियमच आहे तसा."

आक्कानं तवा ह्या हातातून त्या हातात घेतला.

"दोनदा तरी कशापायी ऐकायचं?" ती म्हणाली.